पराभवांचा जमाखर्च

चैत्र लागला आणि खानदेशातल्या गावोगावच्या यात्रांना तोंड फुटले, म्हणजे बारागाड्या ओढून झाल्यावर, तगतराव मिरवून झाल्यावर आणि रात्रभरच्या तमाशाने डोळे तांबारल्यावरसुद्धा ज्या एका गोष्टीसाठी मंडळी दुसऱ्या दिवशी उन्हातान्हाची पर्वा न करता जमतात, ती गोष्ट म्हणजे कुस्त्यांची दंगल. पांझरेच्या या तीरावर, धुळ्याच्या देवपुरात, आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने अशा दंगली उदंड पाहिलेल्या असतात. आरंभी पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग दहा-वीस रुपयांच्या, आणि उन्हे उतरता उतरता हलगीचा ठेका चढत गेला की मोठ्या इनामाच्या जोडी, असा हा चढता क्रम ठरलेला असतो. जिंकणाऱ्यास फेटा, रोख बिदागी आणि खांद्यावरची मिरवणूक मिळते. हरणाऱ्याच्या पाठीला माती लागते. ही पाठीची माती हाच त्याच्या पराभवाचा एकमेव लेख, आणि तोही संध्याकाळी विहिरीवर दोन बादल्या पाण्याने पुसला जातो. पुढल्या गावच्या यात्रेत तोच गडी पुन्हा लांग कसून उभा राहतो. मागे किती वेळा पडलास, असा जाब त्याला कोणी विचारीत नाही, कारण विचारण्याजोगे दप्तरच कोठे ठेवलेले नसते.

मुष्टियुद्धाच्या धंद्यात याच्या अगदी उलट रीत आहे. तेथे मुष्टियोद्ध्याच्या नावापुढे विजय, पराभव आणि बरोबरी यांचे आकडे एखाद्या जप्तीच्या नोंदीसारखे चिकटवलेले असतात आणि ते त्याच्या मरणानंतरही सुटत नाहीत. महंमद अली या जगद्विख्यात मुष्टियोद्ध्याचे आकडे असे : व्यावसायिक लढती ६१, विजय ५६, पराभव ५. हे पाच पराभव कोणते, हे त्याचे भक्त मुखोद्गत सांगतात. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे १९६७ साली त्याचे अजिंक्यपद हिरावले गेले, साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली, आणि त्यानंतर मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझियरने त्याला प्रथम हरवले. दुसरा पराभव मार्च १९७३ मध्ये केन नॉर्टनकडून, ज्यात त्याचा जबडा मोडला. तिसरा फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सकडून, ज्याच्या गाठीशी त्या वेळी पुरत्या दहा व्यावसायिक लढतीही नव्हत्या. हे तिन्ही पराभव अलीने त्याच माणसांना पुन्हा गाठून फेडले; नॉर्टनचा सहा महिन्यांत, स्पिंक्सचा सात महिन्यांत, आणि फ्रेझियरचा तर एकदा सोडून दोनदा. उरलेले दोन, म्हणजे ऑक्टोबर १९८० मधला लॅरी होम्सकडून झालेला आणि डिसेंबर १९८१ मधला ट्रेव्हर बर्बिककडून झालेला, हे मात्र त्याच्या नावावर बाकी राहिले, कारण तोवर वय झाले होते, हात जड झाले होते, आणि वयाकडून झालेल्या पराभवाला परतीची लढत नसते. रॉकी मार्सियानोच्या नावापुढे ४९ विजय आणि शून्य पराभव आहेत, आणि १९५६ साली तो निवृत्त झाला तो हे शून्य सांभाळूनच. ज्या धंद्यात एका पराभवाने पुढल्या लढतीची बिदागी निम्मी होऊ शकते, तेथे व्यवस्थापक मंडळी लढतींपेक्षा प्रतिस्पर्धी निवडण्यात अधिक बुद्धी खर्च करतात, यात नवल ते काय?

आपल्या मल्लविद्येतही एक शून्य फार प्रसिद्ध आहे. गामा पहिलवान कधी पडला नाही, ही ती ख्याती. परंतु १९१० साली लंडनमध्ये पोलिश मल्ल झ्बिश्को याच्याशी त्याची जी कुस्ती झाली, ती अडीच तासांहून अधिक वेळ चालून बरोबरीत सुटली, आणि त्यातला बहुतेक काळ झ्बिश्को पालथा पडून गादीला चिकटून राहिला होता. पाठ वर आहे, तोवर मी हरलो नाही, हा त्याचा हिशेब होता आणि नियमांच्या चौकटीत तो हिशेब बिनचूक होता. पुढल्या आठवड्यात फेरकुस्ती ठरली तेव्हा तो हजरच झाला नाही. तब्बल अठरा वर्षांनी, १९२८ साली पतियाळास दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवले. न पडणे ही जिंकण्याहून स्वतंत्र अशी एक कला असते, आणि कोणती कला वरचढ ठरणार हे मल्लांच्या बाहूंइतकेच पंचांच्या वहीतल्या रकान्यांवर अवलंबून असते, हे त्या लंडनच्या अडीच तासांनी दाखवून दिले.

या रकान्यांचा खरा चमत्कार पाहावयाचा असेल, तर खाशाबा जाधवांच्या पराभवांकडे पाहावे. पदकाकडे सर्वांनी पाहिले आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारा पुरुष म्हणून त्यांचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ज्या लढतींत ते हरले, त्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. ही गोष्ट जरा चमत्कारिक आहे. कारण आपण मराठी माणसे पराभव विसरणारी नव्हेत. १७६० साली उदगीरला मिळालेला विजय इतिहासाच्या विद्यार्थ्यावाचून कोणास आठवत नाही, आणि पुढल्याच वर्षीच्या संक्रांतीच्या सुमारास पानिपतावर झालेला घात मात्र आपल्या बोलीत म्हणी होऊन बसला आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी जमवलेली दप्तरे ज्या धुळ्यात जपून ठेवली आहेत, त्या गावच्या माणसाने तरी हरलेल्या बाजूचे कागद वाचण्याचा आळस करू नये.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. त्यामुळे आखाड्याची माती पोराच्या अंगाला चालता येऊ लागल्याबरोबर लागली. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि ५२ किलो वजनगटात सहावे आले. सहावे म्हणजे तेथे पराभवच. मात्र तो कोणत्या जातीचा पराभव होता हे समजण्यासाठी माती आणि गादी यांतला भेद ध्यानी घ्यावा लागतो.

मातीतल्या कुस्तीत पाय रुततो. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती पकडीला दम देते, पेच हळूहळू शिजू देते, आणि घाई करणाऱ्याला शिक्षा करते. निकालाची खूण एकच : दोन्ही खांदे भुईला टेकून छाती आभाळाकडे झाली पाहिजे. तोवर तुम्ही कितीदा खाली आलात, कितीदा गुडघ्यावर गेलात, प्रतिस्पर्ध्याने कितीदा मागून कंबर धरली, याची मोजदाद होत नाही. खाली येऊन बसणे हा तर अनेक वस्तादांच्या शिकवणीत डावाचा भाग असतो. वेळेचे बंधन जुन्या काळी जवळजवळ नव्हतेच, आणि जोड फारच लांबली तर पंच दोघांचे हात वर करून ती बरोबरीत सोडवीत. गादीवर यांतले काहीच खरे नसते. तेथे पाय सरकतो, चढाई पायांवर होते, घड्याळ चालू असते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणल्याबद्दल आणि त्याचे खांदे गादीच्या रोखाने फिरवल्याबद्दल पंच श्रेय नोंदवीत जातात. मातीत बिनधोक असलेली एखादी कोलांटी गादीवर स्वतःचेच खांदे क्षणभर उघडे पाडते आणि मल्लाला न कळत त्याच्या खात्यावर खर्च पडतो. जन्मभर मातीत वाढलेल्या बावीस वर्षांच्या खाशाबांनी लंडनमध्ये ही परकी लिपी अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्या हाताखाली थोड्याच अवधीत गिरवली आणि तेवढ्या तयारीवर जगातल्या पहिल्या सहांत जागा मिळवली. त्या पराभवातून ते काय शिकले याची साक्ष पुढल्या चार वर्षांनी दिली. ते परतले ते गादीची कुस्ती शिकण्याचा निश्चय करूनच.

दुसरा पराभव देशातला आहे, आणि तो त्यांनी मान्यच केला नाही. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकसाठी निवड चालली असता एका गुणाच्या फरकाने त्यांना मागे टाकण्यात आले, हा निवाडा अन्यायाचा आहे अशी तक्रार त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे गुदरली, महाराजांनी फेरकुस्तीचा हुकूम दिला, आणि तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. हे महाराज त्या काळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षही होते, हे ध्यानात घेतले म्हणजे फिर्याद योग्य कचेरीत दाखल झाली होती हे कळते. खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टात फिरवून घेण्याची ही चिकाटी पहिलवानात विरळाच. बहुतेक मल्ल अशा वेळी पंचांना शिव्या देऊन घरी जातात.

निवड झाली, तरी जाण्यास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, दुकानदारांनी जमेल ते दिले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले राहते घर तारण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीपायी घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांची जात आता कोठे आढळते, ते मला ठाऊक नाही.

आता हेल्सिंकीची वही उघडू. त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत आजच्यासारखी बाद फेऱ्यांची सरळ उतरंड नव्हती. हिशेब उण्या गुणांचा होता. प्रतिस्पर्ध्याला चीत करून जिंकलात, तर तुमच्या खात्यावर काहीच उणे पडत नसे. गुणांवर जिंकलात, तर जिंकूनही एक उणा गुण पडे. पुरता पराभव झाला, तर तीन. असे पाच उणे गुण साचले, की मल्ल स्पर्धेतून बाद. या पद्धतीतून काही विलक्षण गोष्टी निष्पन्न होतात. एकदा हरलेला मल्ल पुढे टिकून राहू शकतो; आणि उलटपक्षी, एकदाही न हरता नुसत्या गुणांवर पाच कुस्त्या जिंकणारा मल्ल, निदान कागदावर तरी, अपराजित राहूनच घरी पाठवला जाऊ शकतो. ज्याने कोणी हा नियम रचला, त्याच्या मनात झ्बिश्कोची ती पालथी अडीच तासांची कुस्ती असावी असा मला दाट संशय आहे. कारण या नियमाचा सगळा रोख, चीत करण्याचा प्रयत्न न करता वेळ काढणाऱ्यावर आहे. आणि म्हणूनच, कितीही परका वाटला तरी, तो मातीच्या न्यायाला सर्वांत जवळचा होता. निकाली कुस्ती हीच खरी कुस्ती, हे आपल्या आखाड्यांचे ब्रीद त्या उण्या गुणांच्या कोष्टकात दडलेले होते.

५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकॅला चीत केले, मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत केले, आणि जर्मनीच्या श्मिट्झवर गुणांनी मात केली. तीन विजयांबद्दल खात्यावर मिळून एक उणा गुण. मातीतल्या मल्लाला शोभेल असाच हा जमाखर्च. अखेरीस रिंगणात तिघे उरले, आणि उरलेल्या दोघांकडून खाशाबा हरले : जपानचा शोहाची इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह. इशिईला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

हे दोघे कोण होते, हे पाहण्याजोगे आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला महायुद्धातल्या पराभूत जपानला निमंत्रणच नव्हते, आणि सोव्हिएत संघ तर हेल्सिंकीलाच पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. म्हणजे लंडनमध्ये जे दोन देश गैरहजर होते, नेमक्या त्यांच्याच मल्लांनी हेल्सिंकीत खाशाबांना अडवले. इशिईची कथा तर अधिकच सुरस आहे. तो मूळचा ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर अमेरिकी अंमलात ज्युदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला, आणि हेल्सिंकीत संपूर्ण जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याचे होते. एका पराभूत राष्ट्रावर लादलेल्या बंदीहुकुमाने घडवलेला मल्ल आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्राचा, प्राचार्यांच्या घरावर कर्ज काढून आलेला मल्ल, यांची ती पंधरा मिनिटांची झुंज खाशाबा हरले. मामेदबेयोव्ह हा बाकूचा. अझरबैजानच्या क्रीडा-इतिहासात पहिला ऑलिंपिक पदकवीर म्हणून त्याचे स्थान तेच आहे, जे आपल्याकडे खाशाबांचे.

येथेच ती प्रसिद्ध हकीकत येते. इशिईशी झालेल्या थकवणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना जवळजवळ लगेच मामेदबेयोव्हसमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा हक्क असताना तो मागण्यास भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. निवडीच्या वेळी स्वतःची फिर्याद स्वतः घेऊन जाणारा हा मल्ल परक्या मुलुखात, परक्या भाषेत, घामाने निथळत असताना कोणापाशी अर्ज करणार? पहिल्या दोन पराभवांना कारण होते तंत्र आणि पंच. या अखेरच्याला कारण, हकीकत खरी मानली तर, एक रिकामी खुर्ची होती.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे हे वरच्या वजनगटात चौथे आले. तिसरा आणि चौथा यांत अंतर ते किती! पण एकाच्या नावाने पुढे दिल्लीतली कुस्तीची प्रेक्षागृहवास्तू ओळखली जाऊ लागली आणि दुसऱ्याचे नाव कोल्हापूरच्या तालमींबाहेर क्वचितच निघते. पदकांच्या वहीत चौथ्या ओळीसाठी रकानाच आखलेला नसतो.

मुष्टियुद्धाचा विषय मी मागे सोडला होता, त्याकडे हेल्सिंकीच परत नेते. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, अवजड गटाच्या अंतिम लढतीत इंगेमार योहान्सन नावाचा एकोणीस वर्षांचा स्वीडिश तरुण अमेरिकेच्या एड सँडर्सपुढे उभा राहिला, आणि दुसऱ्याच फेरीत पंचांनी त्याला लढण्याचा प्रयत्न करीत नाही या कारणावरून अपात्र ठरवले. दुसऱ्या क्रमांकाचे रौप्यपदकही त्याला देण्यात आले नाही. भित्रा म्हणून स्वदेशात त्याची जी छीथू झाली, तिला पारावार नव्हता. त्याच योहान्सनने १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये फ्लॉइड पॅटरसनला तिसऱ्या फेरीत लोळवून जगाचे अजिंक्यपद घेतले. पुढे पॅटरसनने त्याला १९६० आणि १९६१ साली दोनदा हरवले. त्याच्या २८ व्यावसायिक लढतींत पराभव एवढे दोनच. पण हेल्सिंकीची ती नोंद मिटायला १९८२ साल उजाडावे लागले : तीस वर्षांनंतर ऑलिंपिक समितीने ते अडकवून ठेवलेले रौप्यपदक त्याच्या स्वाधीन केले. पराभवाच्या निवाड्यावर इतक्या विलंबाने का होईना पुनर्विचार होऊ शकतो, याचे हे उदाहरण मला अलीच्या पाच पराभवांहून अधिक बोलके वाटते.

आपल्याकडच्या गदेच्या कुस्त्यांतही असे चढउतार आहेत. महाराष्ट्र केसरीची गदा धुळ्याच्या मातीत १९६२ साली भगवान मोरे यांनी आणि जळगावात १९६६ साली दिनानाथसिंह यांनी जिंकली. १९७७ साली चाळीसगावी मात्र निकालच लागला नाही, म्हणजे त्या वर्षी जिंकले कोणी नाही आणि हरलेही कोणी नाही. त्याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे गदा पटकावली, तेव्हा खानदेशात दिवाळी झाली. तिसऱ्या वर्षी ज्यांना त्यांनी अंतिम कुस्तीत हरवले, ते पुण्याचे अभिजित कटके पुढल्याच वर्षी महाराष्ट्र केसरी झाले आणि त्याच्या पुढल्या वर्षी जालन्यात बाला रफिक शेख यांच्याकडून पुन्हा अंतिम फेरीत हरले. तीन वर्षांत हार, जीत आणि हार; आखाड्यातल्या माणसाला यात अघटित काहीच दिसत नाही.

खाशाबा हेल्सिंकीहून परतल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरवी काही मिनिटांत उरकणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले. १९५५ साली खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना मुकावे लागले, म्हणजे तेथे हरण्याचीही संधी मिळाली नाही. १९८२ साली, योहान्सनला त्याचे पदक मिळाले त्याच वर्षी, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या मशालदौडीत त्यांना मान देण्यात आला. पुढच्याच वर्षी ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तो स्वीकारण्यास ते हयात नव्हते. सरकारी दप्तरातली ही दिरंगाई त्यांच्या पराभवांत मोजावी की नाही, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो. माझ्या मते ती त्यांच्या खात्यावरची नव्हे, आपल्या खात्यावरची आहे.

एक बाकी मात्र खाशाबांनी स्वतःच, लगोलग आणि पैन् पै चुकती केली. मिरवणुकीची धूळ खाली बसल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लांग कसून उतरले, आणि तिकिटांच्या पैशांतून प्राचार्यांचे घर गहाणातून सोडवून दिले.